शाळेच्या स्विचवर व्हीलॅन: कागदावरच्या आखणीपासून रॅकच्या दारापर्यंत

तालुक्याच्या गावातल्या एका शाळेने मला बोलावलं तेव्हा तक्रार एकच होती, नेट हळू चालतं. कपाट उघडून पाहिलं. कार्यालयातले पाच संगणक आणि प्रिंटर, वरच्या मजल्यावर वीस संगणकांची लॅब, आठ कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर, वायफायचे तीन ॲक्सेस पॉइंट, सगळं एकाच नेटवर्कमध्ये होतं. लॅबमधल्या संगणकावरून एनव्हीआरचं लॉगिन पान उघडत होतं आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. विद्यार्थ्यांच्या माहितीचं कार्यालयातलं फोल्डरही लॅबमधून दिसत होतं. नेटचा वेग हा त्या शाळेचा सगळ्यात मोठा प्रश्न नव्हताच.

तळमजल्यावर आणि वर चोवीस पोर्टांचा एकेक मॅनेज्ड स्विच, म्हणजे आतली मांडणी बदलता येणारा स्विच, होता. पेटीतून काढले, वायरी खुपसल्या आणि साध्या स्विचसारखे वापरले, एवढंच त्यांचं झालेलं. असे स्विच मला शाळांत, पतसंस्थांत, दवाखान्यांत कायम दिसतात. पैसे मॅनेज्डचे मोजलेले असतात, काम मात्र साध्याचं चाललेलं असतं. म्हणून त्या शाळेत जे केलं ते इथे क्रमाने मांडतो. तुमच्याकडे दवाखाना असेल तर लॅबच्या जागी पॅथॉलॉजी समजा. पद्धत बदलत नाही.

पोर्टला विचारायचे दोन प्रश्न

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचचे आतून पाडलेले वेगवेगळे कप्पे. एका कप्प्यातला ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम मारलेली हाक, दुसऱ्यात जात नाही, एकातला संगणक दुसऱ्यातल्या संगणकाशी थेट बोलू शकत नाही. एका स्विचपुरतं हे सोपं आहे. पण तळमजल्यावरच्या स्विचमधून वरच्या स्विचकडे वायर एकच जाते. तिच्यातून आलेली फ्रेम, म्हणजे माहितीचं पुडकं, कोणत्या कप्प्यातली, हे वरच्या स्विचला कळणार कसं?

गिरणीत आपण काय करतो? डबा ठेवताना वर नावाची चिठ्ठी ठेवतो. ती चिठ्ठी गिरणीवाल्यासाठी असते. घरी आल्यावर तिचं काही काम नसतं. व्हीलॅनचा टॅग तसाच आहे. दोन स्विचमधल्या प्रवासात फ्रेमला चार बाइटची चिठ्ठी जोडली जाते आणि संगणकाकडे फ्रेम देताना ती काढून घेतली जाते. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोर या संस्थेत डेव्हिड सिंकॉस्की यांनी व्हीलॅनची कल्पना मांडली. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकमेकांची चिठ्ठी वाचू शकतील असं प्रमाण १९९८ मध्ये आलं, त्याचं नाव आयईईई ८०२.१क्यू. चिठ्ठीत व्हीलॅनच्या क्रमांकासाठी बारा बिट आहेत, म्हणजे ० ते ४०९५. दोन्ही टोकं राखीव, म्हणून आपल्या हातात १ ते ४०९४ उरतात. सिस्कोच्या स्विचवर १००२ ते १००५ हे क्रमांकही जुन्या टोकन रिंग आणि एफडीडीआयसाठी अडकवलेले असतात, ते घेऊ नका.

आता ते दोन प्रश्न. कुठल्याही पोर्टसमोर उभं राहून एवढंच विचारायचं:

पहिला: चिठ्ठी नसलेली फ्रेम या पोर्टमधून आत आली, तर ती कोणत्या व्हीलॅनची समजायची? याचं उत्तर म्हणजे पीव्हीआयडी.

दुसरा: या पोर्टमधून कोणत्या व्हीलॅनच्या फ्रेम बाहेर जाऊ द्यायच्या, आणि जाताना चिठ्ठी ठेवायची की काढायची? याचं उत्तर म्हणजे सदस्यत्व, टॅग्ड किंवा अनटॅग्ड.

पहिला प्रश्न आत येण्याचा, दुसरा बाहेर जाण्याचा. व्हीलॅन बसवताना ज्या चुका होतात त्यातल्या बहुतेक या दोनपैकी एकाचं उत्तर दिलं आणि दुसऱ्याचं विसरलं, अशाच असतात. पुढे त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा यावं लागेल.

शब्दांची एक अडचण आधीच सांगतो. ज्या पोर्टवर एकच व्हीलॅन अनटॅग्ड असतं त्याला सिस्कोवाले ॲक्सेस पोर्ट म्हणतात, आणि अनेक टॅग्ड व्हीलॅन वाहून नेणाऱ्याला ट्रंक. पण एचपीच्या प्रोकर्व्ह आणि त्या वंशातल्या अरुबा स्विचवर ट्रंक म्हणजे दोन-तीन वायरी एकत्र बांधून केलेली एक जाड जोडणी. तिथे ट्रंकच्या पानावर जाऊन व्हीलॅन शोधत बसू नका. नाव काहीही असो, त्या दोन प्रश्नांची उत्तरं कुठे भरायची ते शोधा.

आधी कागद

स्विचला हात लावण्याआधी मी अर्धा दिवस कागदावर घालवतो, आणि तो अर्धा दिवस कधीच वाया गेलेला नाही. आधी प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते शोधा. पॅच पॅनेलवरचे आकडे आणि भिंतीवरच्या आयओवरचे, म्हणजे वायर जोडायच्या खाचेवरचे आकडे जुळतातच असं नाही. केबल टेस्टर लावा, किंवा एक माणूस खोलीत उभा करून लॅपटॉप जोडा-काढा आणि कोणत्या पोर्टचा दिवा विझतो ते बघा.

मग व्हीलॅन ठरवा. त्या शाळेत असे ठरले: १० कार्यालय, २० लॅब, ३० कॅमेरे, ४० शिक्षकांचं वायफाय, ५० पाहुण्यांचं वायफाय, ९९ व्यवस्थापन म्हणजे स्विच आणि ॲक्सेस पॉइंट यांचे स्वतःचे पत्ते. शिवाय ९९९, ज्याला मी अडगळ असं नाव देतो. त्यात काहीच राहत नाही, ते का लागतं ते पुढे येईलच. क्रमांक १ मुद्दाम सोडला आहे. कारखान्यातून येताना सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्येच असतात, त्यामुळे तिथे काही ठेवलं तर विसरलेलं पोर्ट आणि ठरवून ठेवलेलं पोर्ट यातला फरक कळत नाही.

पत्ते देताना व्हीलॅनचा क्रमांक पत्त्याच्या तिसऱ्या घरात बसवा. कार्यालय १९२.१६८.१०.० पासून, लॅब १९२.१६८.२०.० पासून, सगळ्यांचा मास्क २५५.२५५.२५५.०, आणि प्रत्येकात राउटरचा पत्ता शेवटी १. म्हणजे कुठल्याही संगणकाचा पत्ता वाचला की तो कोणत्या व्हीलॅनमध्ये आहे ते लगेच समजतं. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० हे पट्टे टाळा. इंटरनेट देणाऱ्याचा डबा बहुधा त्यांच्यापैकीच एक वापरत असतो आणि मग आतला व बाहेरचा पत्ता एकमेकांवर आदळतो.

तळमजल्यावरच्या स्विचची आखणी अशी झाली:

पोर्ट १ ते ६, कार्यालयाचे संगणक आणि प्रिंटर: १० अनटॅग्ड, पीव्हीआयडी १०
पोर्ट ९ ते १६, कॅमेरे, आणि १७, एनव्हीआर: ३० अनटॅग्ड, पीव्हीआयडी ३०
पोर्ट १८ आणि १९, ॲक्सेस पॉइंट: ९९ अनटॅग्ड, पीव्हीआयडी ९९, ४० आणि ५० टॅग्ड
पोर्ट २२, दुरुस्तीसाठी राखीव: ९९ अनटॅग्ड, पीव्हीआयडी ९९
पोर्ट २३, राउटर: १०, २०, ३०, ४०, ५०, ९९ सगळे टॅग्ड, पीव्हीआयडी ९९९
पोर्ट २४, वरचा स्विच: २०, ४०, ५०, ९९ टॅग्ड, पीव्हीआयडी ९९९
पोर्ट ७, ८, २०, २१, रिकामे: ९९९ अनटॅग्ड, पीव्हीआयडी ९९९, पोर्ट बंद

वरच्या स्विचवर १ ते २० लॅब, २१ ॲक्सेस पॉइंट, २२ दुरुस्तीसाठी, २३ बंद आणि २४ खालच्या स्विचकडे. पोर्ट २४ च्या ओळीत १० आणि ३० नाहीत, हे पाहा. वर कार्यालयाचा एकही संगणक नाही आणि सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी खालीच येतात, मग ती व्हीलॅन वर पाठवायची कशाला? मुलं ज्या मजल्यावर दिवसभर बसतात तिथे कार्यालयाची फ्रेम पोचायलाच नको.

काही एनव्हीआरच्या पाठीमागे कॅमेऱ्यांसाठी स्वतःचे पीओई, म्हणजे वायरीतूनच वीजही देणारे, पोर्ट असतात. तुमचे कॅमेरे तिथेच जोडलेले असतील तर ते एनव्हीआरच्या आतल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये आधीच आहेत; तुम्हाला फक्त एनव्हीआरचं एक पोर्ट ३० मध्ये टाकायचं आहे.

राउटर हे काम करू शकतो का?

हा प्रश्न बरेच जण स्विचवर सगळं करून झाल्यावर विचारतात आणि तिथेच अडकतात. स्विच कप्पे पाडतो. पण लॅबला इंटरनेट हवं असेल, कार्यालयाला एनव्हीआर पाहायचा असेल, तर कप्प्यांमधून ये-जा करून देणारं कोणीतरी हवं. ते राउटरचं किंवा राउटरचंही काम करू शकणाऱ्या लेयर ३ स्विचचं काम आहे. इंटरनेटवाल्याने फुकट दिलेल्या डब्याला ८०२.१क्यूची चिठ्ठी आपल्या बाजूला बहुतेक वेळा वाचता येत नाही. तिथे वेगळा राउटर घ्यावाच लागतो. मायक्रोटिकचा छोटा राउटर, टीपी-लिंकचा ओमाडा मालिकेतला, किंवा जुन्या संगणकावर पीएफसेन्स, यांपैकी कुठलंही चालतं. राउटरच्या एकाच पोर्टवर सहा व्हीलॅन इंटरफेस तयार करायचे, प्रत्येकाला त्याचा पत्ता आणि स्वतःचं डीएचसीपी, म्हणजे संगणकांना आपोआप पत्ते वाटणारी सोय, द्यायचं. डीएचसीपीची हाक ब्रॉडकास्ट असते, ती कप्प्याबाहेर जात नाही, म्हणून एका व्हीलॅनचं डीएचसीपी दुसऱ्याला आपोआप मिळणार नाही. प्रत्येकाला वेगळं द्या, किंवा ती हाक पुढे पोचवणारा रिले लावा.

टेबलावर जुळवणी

दोन्ही स्विच रॅकमध्ये चढवण्याआधी टेबलावर शेजारी ठेवून तयार करता आले तर उत्तम. चालू शाळेत ते जमत नाही, तेव्हा रविवार किंवा सुट्टी निवडा आणि एक नियम पाळा: लांबचा स्विच आधी, जवळचा नंतर. जवळचं ट्रंक आधी बदललं की लांबच्या स्विचपर्यंत पोचायची वाट बंद होते, आणि मग लॅपटॉप घेऊन जिना चढावा लागतो. स्विच दुसऱ्या इमारतीत असेल तर आणखी वाईट.

स्विचपर्यंत पोचायला लॅपटॉपला हाताने पत्ता द्यावा लागतो. डी-लिंकचे स्मार्ट स्विच मुळात १०.९०.९०.९० वर असतात, टीपी-लिंकचे १९२.१६८.०.१ वर, नेटगिअरचे बहुतेक १९२.१६८.०.२३९ वर, सिस्कोचे छोट्या कार्यालयांसाठीचे १९२.१६८.१.२५४ वर. लॅपटॉपला त्याच पट्ट्यातला दुसरा पत्ता द्या, वायफाय बंद करा, लॅपटॉप पोर्ट २२ ला जोडा आणि ब्राउझरमध्ये स्विचचा पत्ता टाका. नुसतं पान उघडत नाही म्हणून स्विच बिघडला असं समजू नका. आधी कोणीतरी पत्ता बदलला असेल तर रीसेटचं बटण दाबून ठेवून कारखान्याच्या स्थितीत न्या.

आत गेल्यावर पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं. दुसरं, फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं असेल तर आत्ताच टाका, नंतर नको. तिसरं, वायरींचा लूप झाला तर पोर्ट अडवणारं रॅपिड स्पॅनिंग ट्री चालू आहे का ते पाहा.

आता ८०२.१क्यू व्हीलॅनचं पान उघडा. काही स्विचवर पोर्ट-आधारित व्हीलॅन नावाचा आणखी एक प्रकार असतो. तो चिठ्ठी लावत नाही, फक्त त्याच डब्यापुरते कप्पे पाडतो. आपल्याला तो नको. इथे सातही क्रमांक नावासकट तयार करा. नावं इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागतात, पण 'ऑफिस', 'कॅमेरा' अशी अर्थ असलेली द्या. उद्या दुसरा कोणी येईल त्याला कळलं पाहिजे.

मग आधी ट्रंक, म्हणजे २३ आणि २४. सदस्यत्वाच्या पानावर प्रत्येक व्हीलॅन निवडून त्या पोर्टवर टी हे अक्षर येईपर्यंत क्लिक करायचं असतं. यू म्हणजे अनटॅग्ड, रिकामं म्हणजे सदस्य नाही. दोन्ही टोकांना यादी सारखीच असली पाहिजे. खाली ४० टॅग्ड आणि वर राहून गेलं, तर वरच्या ॲक्सेस पॉइंटवर शिक्षकांचं वायफाय दिसेल, जोडणीही होईल, पण पत्ता मिळणार नाही.

ट्रंकवर सगळं टॅग्ड असताना पीव्हीआयडी ९९९ कशाला, असं वाटेल. पहिला प्रश्न आठवा: चिठ्ठी नसलेली फ्रेम आली तर? ट्रंकवर तशी फ्रेम यायलाच नको. तरी कोणी उद्या तिथे साधा स्विच किंवा लॅपटॉप जोडला, तर त्याच्या फ्रेम अडगळीत पडाव्यात, व्यवस्थापनात नकोत. फक्त टॅग्ड फ्रेम घ्या, असा पर्याय तुमच्या स्विचवर असेल तर या दोन पोर्टवर तोही लावा.

ट्रंक झाले की साधी पोर्ट. कार्यालयाच्या १ ते ६ ला १० वर यू करा. आणि इथेच थांबून पीव्हीआयडीच्या पानावर जा. बऱ्याच स्वस्त स्विचवर ही दोन पानं वेगळी असतात आणि एकात केलेलं दुसऱ्यात आपोआप जात नाही. सदस्यत्व १० चं आणि पीव्हीआयडी अजून १, असं राहिलं तर काय होतं ते पाहा. राउटरकडून आलेली फ्रेम संगणकापर्यंत पोचू शकते, कारण बाहेर जाण्याचं उत्तर बरोबर आहे. पण संगणकाने पाठवलेली फ्रेम व्हीलॅन १ मध्ये पडते, जिथे तिचं ऐकणारं कोणी नाही. डीएचसीपीची पहिली हाक संगणकच मारतो, ती पोचत नाही, आणि विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं. हा पत्ता दिसला की वायर हलवत बसण्याआधी पीव्हीआयडीचं पान उघडा.

पीव्हीआयडी बदलल्यावर त्या पोर्टला व्हीलॅन १ मधून काढा. काही स्विच उलट क्रमाने हे करूच देत नाहीत, आधी पीव्हीआयडी बदला म्हणून अडवतात. काढायचं विसरलं तर व्हीलॅन १ चे ब्रॉडकास्ट सगळ्या पोर्टवर सांडत राहतात. नेट चालतं, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

संगणकांच्या आणि कॅमेऱ्यांच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीचा एज पोर्ट हा पर्याय चालू करा. नाहीतर संगणक सुरू झाल्यावर पोर्ट जवळजवळ तीस सेकंद वाट पाहतं आणि तोवर डीएचसीपीची हाक वाया जाऊ शकते.

सगळ्यात शेवटी व्यवस्थापन. स्विचचा स्वतःचा पत्ता खाली १९२.१६८.९९.२ आणि वर १९२.१६८.९९.३, गेटवे १९२.१६८.९९.१, व्यवस्थापनाचं व्हीलॅन ९९. तुम्ही बसलेलं पोर्ट २२ सुद्धा आता ९९ मध्ये आणि पीव्हीआयडी ९९. तुमच्या स्विचच्या पानावर हे दोन टप्प्यांत होत असेल, तर पहिल्या टप्प्याला ब्राउझर तुटला म्हणून दुसरा राहून जाऊ नये, यासाठी आधी पोर्ट २१ तात्पुरतं ९९ मध्ये टाकून ठेवा. तिथे लॅपटॉप हलवायचा, त्याला १९२.१६८.९९.५० द्यायचा आणि उरलेलं पूर्ण करायचं. झाल्यावर २१ बंद.

आणि सेव्ह करा. लागू करा आणि सेव्ह करा या बऱ्याच स्विचवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका ठिकाणी मी दिवसभर काम केलं, सगळं तपासलं, घरी आलो. रात्री लाइट गेली, यूपीएसची बॅटरी संपली, आणि सकाळी प्रार्थनेच्या वेळेला फोन आला की काहीच चालत नाही. स्विच सेव्ह न केलेल्या जागेवरून परत जुन्या स्थितीत गेला होता. तेव्हापासून सेव्ह झाल्यावर मी स्वतः प्लग काढून परत लावतो आणि सगळं जागेवर येतं का ते पाहिल्याशिवाय उठत नाही. सेटिंगची फाइल उतरवून घेणंही त्याच वेळी उरका.

सिस्कोचा स्विच काळ्या पडद्यावरून चालवत असाल तर सदस्यत्व आणि पीव्हीआयडी अशी दोन पानं नाहीत. पोर्टवर जाऊन 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस' आणि 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १०' एवढं पुरतं, दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकदम मिळतात. धोका ट्रंकवर आहे. चालू ट्रंकवर नवं व्हीलॅन वाढवायचं तर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ५०' असं लिहायचं. यातला 'ॲड' विसरला तर आधीची सगळी यादी पुसली जाऊन एकटं ५० उरतं, आणि त्या वायरीपलीकडचं सगळं जागच्या जागी थांबतं. एंटर दाबण्याआधी ती ओळ एकदा मोठ्याने वाचा.

कप्पे पाडले, आता दारं

इथे बहुतेक जण थांबतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी चूक आहे. राउटरवर सहा व्हीलॅन आली की राउटर त्यांच्यामधली वाहतूक आनंदाने इकडून तिकडे नेतो. ते त्याचं कामच आहे. अनेक राउटरवर मुळात कसलीही आडकाठी नसते. म्हणजे लॅबमधून एनव्हीआर पूर्वी थेट उघडत होता, आता राउटरमार्गे उघडेल. भिंती घातल्या आणि सगळी दारं सताड उघडी ठेवली, तर घर सुरक्षित होत नाही.

नियम लिहिताना पहिला नियम असा ठेवा: जी बातचीत आधी सुरू झाली आहे तिची उत्तरं जाऊ द्या. त्यानंतर परवानग्या. कार्यालयातून एनव्हीआरच्या एकाच पत्त्याकडे, १९२.१६८.३०.१० कडे जाऊ द्या. शिक्षकांच्या वायफायवरून प्रिंटरच्या पत्त्याकडे पोर्ट ९१०० वर जाऊ द्या. कार्यालय, लॅब आणि दोन्ही वायफाय यांना इंटरनेट. मोबाइलवर कॅमेरे पाहायचे असतील तर फक्त एनव्हीआरला बाहेर जाऊ द्या, कॅमेऱ्यांना नाही. शेवटचा नियम: उरलेलं सगळं अडवा.

कॅमेऱ्यांचं बाहेर जाणं तोडलं की त्यांचं घड्याळ भरकटू शकतं. वेळ एनव्हीआरकडून किंवा राउटरकडून मिळेल अशी सोय करा. चोरी झाल्यावर चित्रफितीतली वेळ चुकीची निघाली तर तिचा उपयोग अर्धा होतो.

पाहुण्यांना राउटरचं स्वतःचं पान उघडता येऊ नये, म्हणून लोक व्हीलॅन ५० वरून राउटरकडे येणारं सगळं बंद करतात. मग वायफाय जोडलं जातं पण एकही संकेतस्थळ उघडत नाही, कारण नावांचे पत्ते सांगणारं डीएनएस त्याच राउटरवर असतं. ५३ आणि ६७ क्रमांकाची पोर्ट उघडी ठेवा, बाकी बंद करा.

प्रिंटरबद्दल शिक्षकांना आधीच सांगून ठेवा. मोबाइल किंवा लॅपटॉप आपोआप प्रिंटर शोधतात ते त्याच व्हीलॅनमध्ये हाक मारून. ती हाक कप्प्याबाहेर जात नाही. प्रिंटर पत्ता टाकून हातानेच जोडावा लागेल, आणि त्यासाठी प्रिंटरचा पत्ता कायमचा ठरवलेला हवा.

आणि ती मूळ तक्रार, हळू नेट? व्हीलॅनने नेट वेगवान होतं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आठ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएसवर ठेवले तर ३२ एमबीपीएस एनव्हीआरकडे जातच राहणार, व्हीलॅन असो वा नसो. फरक पडला तो पाहुण्यांचं वायफाय वेगळं झाल्यामुळे. राउटरवर त्या एका व्हीलॅनला वेगाची मर्यादा लावता आली, आणि दुपारच्या सुट्टीत कार्यालयाचं काम अडणं थांबलं.

तपासणी

प्रत्येक व्हीलॅनमध्ये लॅपटॉप जोडा, पत्ता बरोबर पट्ट्यातला मिळतो का पाहा, त्या व्हीलॅनच्या राउटरला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते पाहा, मग एखादं संकेतस्थळ उघडा. हा झाला सोपा भाग. त्यानंतर जे व्हायला नको ते खरंच होत नाही ना, हे तपासायचं असतं, आणि तिथे दोन फसवे निकाल येतात.

लॅबमधून कार्यालयाच्या एखाद्या संगणकाला पिंग केलं आणि उत्तर आलं नाही, तर नियम चालतोय असं समजू नका. विंडोजचं स्वतःचं फायरवॉल दुसऱ्या सबनेटवरून, म्हणजे पत्त्यांच्या दुसऱ्या पट्ट्यातून, आलेला पिंग बहुतेक वेळा अडवतं. प्रिंटरकडे किंवा एनव्हीआरकडे जाण्याचा प्रयत्न करून पाहा. उलट, लॅबमधून १९२.१६८.१०.१ ला पिंग केलं आणि उत्तर आलं, तर घाबरू नका. तो पत्ता राउटरचाच आहे. राउटरकडे येणारी आणि राउटरमधून पलीकडे जाणारी वाहतूक यांचे नियम वेगळे असतात.

काही जुळत नसेल तर स्विचवर मॅक पत्त्यांचा, म्हणजे उपकरणांच्या कारखान्यातून आलेल्या ओळखक्रमांकांचा, तक्ता उघडा. कोणतं उपकरण कोणत्या पोर्टवर, कोणत्या व्हीलॅनमध्ये दिसतंय ते तिथे लिहिलेलं असतं. कॅमेरा व्हीलॅन १ मध्ये दिसला, तर तुम्ही पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं विसरलात.

शाळेत घडणाऱ्या दोन गोष्टी

लॅबमध्ये पॅच कॉर्डचं सुटं टोक पडलेलं दिसलं की कोणीतरी ते भिंतीवरच्या मोकळ्या आयओमध्ये खुपसतं. दोन्ही टोकं भिंतीत गेली की लूप होतो आणि ब्रॉडकास्टचं वादळ उठतं. एका व्हीलॅनपुरतंच ते राहतं, पण लॅब बंद पडते. स्पॅनिंग ट्री चालू असेल तर ते पोर्ट अडवलं जातं. याहून गुपचूप घडणारी गोष्ट म्हणजे एक टोक लॅबच्या आणि दुसरं कार्यालयाच्या आयओमध्ये जाणं. दोन्हीकडे अनटॅग्ड, त्यामुळे स्पॅनिंग ट्रीने अडवलं नाही तर मेहनतीने वेगळी केलेली दोन व्हीलॅन त्या हातभर वायरीने परत एक होतात. रिकामी पोर्ट बंद ठेवण्याचा माझा आग्रह यासाठीच आहे.

दुसरी गोष्ट, टेबलाखालचा पाच पोर्टांचा साधा स्विच. संगणक वाढला की कोणीतरी तो आणून जोडतं. त्याला व्हीलॅन माहीत नाही. ज्या पोर्टला तो जोडला त्याच पोर्टचं व्हीलॅन त्याच्या सगळ्या तोंडांना मिळतं. कार्यालयात एकाचे तीन संगणक करायला तो चालेल. पण एकाच साध्या स्विचवर प्रिंटरही आणि कॅमेराही जोडून वेगवेगळी व्हीलॅन मिळणार नाहीत.

काम संपल्यावर पोर्टांची ती यादी छापून प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवली. त्यावर तारीख लिहिली, स्विचचे पत्ते लिहिले, पासवर्ड मात्र बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला. पोर्ट बदललं की पेन्सिलने त्या कागदावर आधी खूण करायची, मग वायर हलवायची, असं तिथल्या शिपाईकाकांनाही सांगून आलो, कारण रॅकची किल्ली त्यांच्याकडेच असते.